तिसऱ्या शिखरावरची हजेरी

सर, आज सकाळपासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतेय, म्हटलं एकदाचं लिहून काढावं. इथे परदेशात, विषुववृत्ताजवळच्या बुकित बातोकला ऊन भाजून काढतंय, पंखा पाचावर आहे, आणि मला मात्र त्या दिवसाची थंडी वाजतेय. माझी लेक युनिव्हर्सिटीच्या ग्रुपबरोबर कोरियात गेली आहे. ऐन हिवाळ्यात, बर्फात, एका दिवसात चार शिखरं. महिनाभर ती पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन आमच्या ब्लॉकचे जिने चढत-उतरत होती. या सपाट गावात सरावाला डोंगर आणायचा कुठून? इथल्या चारपर्यंत खाली उतरून मेसेज करते म्हणाली होती. आता सव्वापाच झालेत. तिकडे अंधार पडला असेल.

तुमची हजेरीची पद्धत मला अजून पाठ आहे. शिखरावर पोचलं की तुम्ही शिट्टी वाजवता आणि आम्ही एकामागून एक आपापला आकडा ओरडतो. एक जरी आकडा आला नाही तरी सगळ्यांनी मागे फिरायचं, हा तुमचा नियम. त्या डिसेंबरात कॉलेजच्या ट्रेकला आम्ही अठरा जण होतो. मी अकरा, माझी मैत्रीण बारा. मी कानटोपी विसरले होते, तर तुम्ही स्वतःची काढून माझ्या डोक्यावर दाबून बसवलीत आणि वर ओरडलात, "कानटोपी विसरायला हे काय मामाचं घर आहे?" मला राग आला होता, सर. कान मात्र लगेच गरम झाले.

दुसरं शिखर सोडलं आणि धुकं असं दाटलं की पुढच्याची पाठ दिसेना. मैत्रिणीच्या पायात गोळे आले, ती खालीच बसली. म्हणाली, "मी वाडीच्या वाटेने उतरते, वाट माहितीय मला. सरांना सांगू नकोस, सगळ्यांना परत नेतील. तू माझाही आकडा बोल ना." वर्गात आम्ही रोज एकमेकींची हजेरी लावायचो, त्यात मला काही विशेष वाटलं नाही. तिसऱ्या शिखरावर मी अकरा ओरडले, मग मफलर तोंडावर धरून, आवाज बदलून, बारा. तुम्ही म्हणालात, "शाब्बास, चला."

चौथ्यावर माझा धीर सुटला. बारा आलंच नाही. तुम्ही धावत माझ्याकडे आलात. "तिसऱ्यावर होती ना ती?" मी मान हलवली. होकाराची. धुक्यात आणखी कोणी हरवू नये म्हणून तुमचाच नियम मोडून, आम्हाला तिथेच बसवून तुम्ही एकटे मागे गेलात, जिथे तिने पाऊलही टाकलं नव्हतं त्या वाटेवर तिला शोधायला. ती तेव्हा वाडीत चुलीपाशी हात शेकत होती. तुमची शिट्टी बराच वेळ ऐकू येत राहिली, मग ऐकू येईनाशी झाली. तिसऱ्या दिवशी तुम्ही कड्याखाली सापडलात. शोकसभेत सगळे हळहळले, की एवढे अनुभवी सर, पण मोजण्यात चुकले. मी पहिल्या रांगेत बसले होते. मैत्रीण काही बोलली नाही आणि मीही नाही.

मागच्या आठवड्यात लेक बॅग भरत होती. इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आमच्याकडेही हेडकाउंट असतो आई, सो बोरिंग. कोणी स्लो असलं ना, की वी जस्ट शाऊट फॉर देम, लाह."

माझ्या हातात तिचे लोकरी मोजे होते. मी म्हटलं, "असं करायचं नाही."

"व्हाय? एव्हरीबडी डझ." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. उत्तराची वाट बघत थांबली होती ती, सर, खरंच थांबली होती. आणि मी विचारलं, हातमोजे घेतलेस का?

मगाशी दोनदा फोन लावला, लागत नाही. तुमच्या पत्नी, आमच्या काकू, अजून त्याच घरी राहतात, पत्ता मला तोंडपाठ आहे, पण हे मी पाठवणार नाही. नवऱ्याला सांगितलं की लेक घाबरेल म्हणून तिला त्या दिवसाचं बोलले नाही. ते खोटं आहे. मला तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.