पत्तो काय झिजता?

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून गावाहून आलेली सगळी पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे. तू स्टोव्हपाशी बसून ऐकायचीस आणि हात चालूच असायचे. कुणी आजारी असल्याचं किंवा कुणी तुला बोल लावल्याचं वाक्य आलं की मी ते गाळून पुढे जायचे. माझा आवाज जरासा अडखळायचा आणि तू मान वर न करता विचारायचीस, "मधी काय गिळलंस?" मग ते वाक्य पुन्हा वाचावं लागायचं. आज मी तुला पत्र लिहायला बसलेय आणि ते वाचून दाखवायला कुणी नाही, हे लिहायला बसल्यावरच माझ्या लक्षात आलं.

आपली चाळ आता नाही. त्याच जागेवर इमारत उभी आहे, लिफ्ट आहे, खाली वॉचमन बसतो. तुझ्या मोरीच्या जागी साधारण आमच्या बिल्डिंगचा मीटरबॉक्स येतो, असा माझा अंदाज आहे. आम्हाला तीन खोल्या मिळाल्या. मुलगा बोरीवलीला वेगळा राहतो, त्याची खोली रिकामीच असते. तिथे इस्त्रीचं टेबल आहे आणि यांचं व्यायामाचं एक यंत्र, ज्यावर हे टॉवेल वाळत घालतात. हे सगळं तुला सांगतेय कारण पुढे जे सांगायचंय त्याला या रिकाम्या खोलीचा संदर्भ आहे.

आपल्या एका खोलीत किती माणसं राहून गेली, आई. बाबांची मिल चालू होती तेव्हाही आणि बंद पडली तेव्हाही. गावात कुणाला गाठ आली, घशाखाली घास उतरेना झाला, की तो मुंबईला निघायचा आणि मुंबई म्हणजे घाटकोपरची आपली खोली. तो शब्द कुणी उच्चारायचं नाही. 'त्याका ता झाला' एवढंच म्हणायचे आणि सगळ्यांना कळायचं. मोठ्या इस्पितळात केसपेपर काढायला तू मला शाळा बुडवून न्यायचीस, कारण कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी, इंग्रजी लिहिणारी मी एकटीच होते. मी सिस्टरांनी गिरवून घेतलेल्या तिरप्या, लपेटदार अक्षरात लिहायला सुरुवात केली तर खिडकीतला माणूस वैतागून म्हणाला, "ताई, नक्षी नको, सुटं लिहा." पत्त्याच्या रकान्यापाशी मी थांबायचे आणि गावाचं नाव विचारायचे. तू म्हणायचीस, आपलाच घाल. गावाला इस्पितळाचं कार्ड पोचेपर्यंत तारीख उलटून जाते, आपल्याकडे पोचतं. एकदा मी चिडून म्हटलं, अगं, किती जणांना आपला पत्ता द्यायचा? तेव्हा तू म्हणालीस, "पत्तो काय झिजता?"

मोठे मामा आले तेव्हा मी नववीत होते. त्यांच्या जबड्याला गाठ होती. रोज इस्पितळात विजेचा शेक द्यायला न्यावं लागायचं आणि संध्याकाळी ते भिंतीला टेकून बसायचे, गाल काळा पडलेला, तोंडातून लाळ गळायची. तू जुन्या पातळाच्या फडक्यातून पेज गाळून त्यांना द्यायचीस. सातवी पास झाले म्हणून तू मला स्टीलचा पेला आणला होतास, दुकानात उभं राहून त्यावर माझं नाव घालून घेतलं होतंस. अक्षरं तुला येत नव्हती, पण माझं नाव तू बोटानं चाचपून ओळखायचीस. मामा आल्यावर मी तो पेला गुपचूप धुऊन दप्तरात ठेवायला लागले. मला वाटायचं, हा रोग लागतो. एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर दप्तर खांद्यावरून उतरवून घेतलंस, त्यातून पेला काढलास, त्यात पेज ओतलीस आणि मामांच्या हातात दिलास. त्यांनी नावावरून बोट फिरवत कुणाचा म्हणून खुणेनं विचारलं. तू म्हणालीस, "बायचो. तिना मुद्दाम तुझ्यासाठी काढून ठेवल्यान."

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो. तू त्या दिवशी मला मारलं असतंस तर बरं झालं असतं.

मामा बरे झाले. पुढे कितीतरी वर्षं माडावर चढत होते. आपल्याकडून गेलेले सगळे काही बरे झाले नाहीत, पण मामा झाले, म्हणून गावात आपल्या खोलीला एक प्रकारचं महत्त्व आलं. इस्पितळाला नाही, डॉक्टरांना नाही, खोलीला. तू हसायचीस. देवाक सोडून माझ्या मोरीक नमस्कार करतत, असं म्हणायचीस.

आता अलीकडचं सांगते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक नकाशा फिरत होता. कुणी काढला ते कुणालाच माहीत नाही. मुंबईचे भाग रंगवलेले, साठीच्या पुढच्या माणसांत कुठे किती कॅन्सर ते दाखवायला, आणि त्यात आपला भाग गडद होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, रंग बरो आसा. पण इथे धुमाकूळ झाला. कुणी म्हणालं देवनारच्या कचऱ्याचा धूर, कुणी म्हणालं गच्चीवरचा मोबाइल टॉवर. कुणी दहिसर किती फिकट आहे ते दाखवून म्हणालं, तिकडेच घर घ्यायला हवं होतं. शेवटी सेक्रेटरींनी रविवारी हॉलमध्ये एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं. आमच्या मुलांच्या वयाची मुलगी, पण समजावून सांगण्याची हातोटी होती. म्हणाली, या नकाशाचं मला माहीत नाही, पण असे नकाशे बघायचे कसे ते सांगते. जिथे म्हातारी माणसं जास्त, तिथे आजार जास्त दिसणारच, म्हणून नुसतं डोकी मोजून चालत नाही, इतक्या म्हाताऱ्यांमागे किती, असं बघावं लागतं. आणि फिकट म्हणजे निरोगी असं समजू नका. जिथे कुणी तपासूनच घेत नाही, तिथलाही रंग फिकटच राहतो.

मग तिनं पत्त्याचं सांगितलं. म्हणाली, आजारी माणूस कुठला, ते आम्हाला त्यानं लिहिलेल्या पत्त्यावरून कळतं. बाहेरगावचा माणूस उपचाराला येतो, नातेवाइकाचा पत्ता लिहितो, आणि नीट पडताळलं नाही तर तो तुमच्या भागात मोजला जातो. वरच्या, आजाऱ्यांच्या आकड्यात येतो, पण इथे राहतच नसल्यामुळे खालच्या, रहिवाशांच्या आकड्यात येत नाही. जन्मभर बँकेत आकडे जुळवलेली मी, मला ते चटकन कळलं. डोळ्यांपुढे आपली भिंत आली आणि तिला टेकून ओळीनं बसलेली माणसं. हा नकाशा आजचा आहे, आपली माणसं केव्हाच गेली, ती त्यात नसणार. पण वाटलं, त्या काळी कुणी असा नकाशा काढला असता तर आपली चाळ काळी कुळकुळीत दिसली असती, आणि तो रंग भरणारी मी असते, सुट्या अक्षरात.

सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे गाववाले येऊन आपलं नाव खराब करतात. लोक हसले. मागून एक बाई म्हणाल्या, हसू नका, माझ्या मुलीचं जमवायचंय, नकाशा आधी ग्रुपवरून काढा. कुणी फ्लॅटचे भाव पडतील म्हणालं. सेक्रेटरींनी तोडगा काढला, बाहेरच्या पेशंटना पत्ता द्यायचा नाही असा नियमच करू या. त्यावर काही ठरलं नाही, चहा आला आणि विषय बाजूला पडला. पण त्याआधी त्या मुलीनं विचारलं होतं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं कुणी राहून गेलंय का?" अर्धा हॉल कोकणातला होता, आई. त्या चाळीतलेच होते कितीतरी. ज्यांच्या घरची माणसं आपल्या दाराशी पेजेचं भांडं आणून ठेवायची, ते समोर बसले होते. एकही हात वर झाला नाही. माझाही नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी मामांच्या मुलाचा, दादाचा फोन आला. त्यालाच आता अन्ननलिकेचा झालाय. तो आता तो शब्द सरळ उच्चारतो, एवढा फरक पडलाय. आवाज बसलेला होता. म्हणाला, राहण्याची सोय केलीय, तिकडे एक धर्मशाळा आहे, तुला त्रास देणार नाही. मग म्हणाला, "बाय, रवाक नको. पत्तो तेवढो दी. बाबा त्याच पत्त्यार बरे झाले."

मी म्हटलं, अरे दादा, ती चाळ पडली, आता तो पत्ता राहिला नाही. तो म्हणाला, जागा तीच ना? मी हो म्हटलं. आणि मग माझ्या तोंडून, बँकेत समोरच्याला नाही म्हणायची सवय असलेल्या आवाजात, आलं, "आमच्या सोसायटीचा नियम झालाय. बाहेरच्या पेशंटना पत्ता देता येत नाही."

असा नियम झालेला नव्हता. झाला असता तरी दादाच्या केसपेपरवर काय लिहिलंय ते बघायला कोण येणार होतं? मला भीती नेमकी कशाची वाटली तेही सांगता येत नाही. आधी पत्ता, मग एक रात्र, मग माझ्या नव्या सोफ्याला टेकलेलं डोकं, असं काहीसं असणार. दादा रागावला नाही. "बरां बरां," म्हणाला, "नियम आसा तर तू काय करतलंस." आणि लगेच, जणू मीच आजारी आहे आणि तो माझी समजूत काढतोय, अशा आवाजात म्हणाला, यंदा कोकमाची सोलां बरी झालीत, थोडी धाडतो. फोन ठेवल्यावर यांनी विचारलं कोण होतं. मी म्हटलं, गावचा, असाच.

सोलां खरंच आली. गावचा कुणी खाजगी बसनं आला होता, त्याच्याबरोबर. वॉचमननं खालून विचारलं, खोली नंबर लिहिलाय, मॅडम, आपल्याकडे खोल्या कुठे आहेत? मी खाली गेले. पिशवीवर शिवलेल्या कापडावर दादानं पेननं पत्ता लिहिला होता, चाळीचा, आपल्या खोलीच्या नंबरासकट, आणि माझ्या नावाआधी तुझं नाव, तुझ्या मार्फत. तू गेलीस त्याला पंचवीसेक वर्षं झाली. पिशवी तरी पोचली. मी ती उघडली नाही, तशीच ओट्यावर ठेवली आणि सोलांचा वास घरभर झाला. हे म्हणाले, सोलकढी कर. मी यांना नियमाचं खोटं सांगून टाकलं. हे उठले आणि यंत्रावरचे टॉवेल काढायला लागले.

मी दादाला फोन केला. म्हटलं, पत्ता लिहून घे. तो म्हणाला, नियम? मी म्हटलं, नियम नव्हता. पलीकडे त्याच्या बसक्या घशातून हसू आलं. म्हणाला, आत्येक खोटा बोलाक जमला नसता. तू शिकलंस, म्हणान जमला. मी ते हसण्यावारी नेलं. पत्ता सांगितला, इमारतीचं इंग्रजी नाव त्याला सुटं सुटं करून सांगितलं, आणि धर्मशाळा रद्द कर म्हटलं. सोमवारी येतोय. इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं, चादरी बदलल्या. पेज गाळायला तुझ्या पातळासारखं मऊ कापड घरात सापडेना, शेवटी माझी एक जुनी सुती साडी फाडली.

तू आणलेला पेला अजून आहे. माझं नाव झिजलंय, पण बोटाला लागतं. तो घासून मी फळीवर पुढे ठेवला. आणि काल बाजारातून येताना कागदी पेल्यांचं एक पाकीट आणलं. हे म्हणाले, बरं केलंस, त्याला इन्फेक्शन व्हायला नको. मी हो म्हटलं. हा रोग लागत नाही हे आता मला पक्कं ठाऊक आहे, त्या मुलीनंही हॉलमध्ये सांगितलं होतं. तरी मी पाकीट आणलं, आणि ते दादाच्या काळजीपोटी आणलेलं नाही. ते पेल्याच्या मागे आहे, सहज हात पोचेल असं. सोमवारी माझा हात कुठे जाईल ते मला सांगता येत नाही.

हे पत्र तुला वाचून दाखवायची वेळ आली असती, तर पाकिटाचं मी गिळलं असतं.