नळीकडे बघायचं नाही

१२ एप्रिल

ऑर्डेलने आज माझी अब्रूच काढली! बंदुकांच्या प्रदर्शनातली ती रिव्हॉल्व्हर – काळीनिळी, चकचकीत, लांबसडक नळीची – मी बघताक्षणी पसंत करून टाकली होती. फोटो त्याच्या टेबलावर ठेवला. या म्हाताऱ्याचा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेला. चष्मा वर करून म्हणाला, "मार्लिस, नवी जाड नळी मी बसवणार. मग ही जुनी कुठे जाणार?"

"भंगारात."

"मग भंगाराच्या रूपावर काय भाळतेस! सांगाडा बघ, गोळ्यांची चक्री बघ. नळीकडे बघायचंच नाही."

व्हर्लिन खो खो हसला. नवरा आहे की वैरी! म्हणे, "मलाही हिने असंच पसंत केलं होतं, रूप बघून."

"तेव्हाही फसलेच!" म्हटलं.

१५ एप्रिल

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. जानेवारीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात असून नसल्यासारखा. हलतो, पण बोटांना काही कळतच नाही. काल कढईला टेकली, फोड आल्यावर समजलं.

डॉक्टर म्हणाले, "आता आहे त्याच्याशी जुळवून घ्या." घेतलं जुळवून! सप्टेंबरमध्ये राज्याच्या नेमबाजी स्पर्धेत डाव्या हाताने उतरणार. डावा थरथरतो, म्हणून तर जड नळी – पुढे वजन असलं की निशाण कमी हलतं. लव्हॉन क्लबात सगळ्यांसमोर म्हणाली, "यंदा प्रेक्षकांत बस गं, मी तुला कॉफी आणून देईन." तुझी कॉफी तूच पी, बाई!

खरं सांगायचं तर भीती वाटते. नेम गेला तर माझं माझं म्हणून काय उरलं?

२१ एप्रिल

ऑर्डेलने पारख शिकवली. आधी बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघायचं. मग एका हाताने चाप दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी चक्री हलवून बघायची. जरा जरी डुगडुगली तरी बाद. चक्री ढिली तर गोळी नळीत नीट शिरणार नाही, मग नळी सोन्याची असली तरी काय उपयोग!

आता आली का पंचाईत? डाव्याने चक्री चाचपावी तर तो स्वतःच थरथरतो, म्हणून तो चाप धरणार. चक्री चाचपणार उजवा – ज्याला कढई कळत नाही!

"मी आहे ना," व्हर्लिन म्हणाला. आहेस रे बाबा. पण जन्मभर वेल्डिंग केलेली ती बोटं म्हणजे बुटाचे तळवे!

आणि घाई आहे. ऑर्डेलचं जूनमध्ये खुब्याचं ऑपरेशन. मे संपायच्या आत सांगाडा आणून दिला तरच नळी बसवणार. नाहीतर पुढच्या वर्षी.

३ मे

मायनॉटच्या बंदुकांच्या दुकानांत जाऊन आलो. तीन बघितल्या, तिन्ही बाद. एक तर अशी डुगडुगत होती की व्हर्लिनलाही कळलं!

९ मे

बर्फ! मे महिन्यात! परसातल्या रुबार्बच्या रोपांवर जुन्या चादरी टाकल्या.

११ मे

थेरपीवाली पोरगी वाडगाभर सुक्या घेवड्यात हात घालायला लावते. आत बटणं लपवलेली असतात. डोळे मिटून शोधायची. आज पुन्हा घेवड्याचा दाणा काढून तिला "हे घ्या बटण" म्हणून दिला. गोड हसली बिचारी. मला मात्र रडू आलं. व्हर्लिन म्हणाला, "याचं सूप तरी करू." मग हसले. काय करणार?

१७ मे

सापडली!! तीही कुठे, तर चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला. तिथे आयडेला भेटली. तिचा नवरा शेरीफच्या पोलीस खात्यात होता, गेल्या वर्षी वारला. त्याची रिव्हॉल्व्हर कपाटात पडून आहे म्हणाली. तडक तिच्या घरी गेलो. रंग उडालेला, कडा घासलेल्या – तिच्या म्हाताऱ्याने कमरेला मिरवली खूप, झाडली कमी. अशीच तर हवी! नळी तेवढी नवीकोरी दिसत होती.

"काय करणार हिचं?" आयडेलाने विचारलं.

"नळी काढून टाकणार."

"अगं बाई! तेवढीच तर धड आहे!"

मी चाप धरला, व्हर्लिनने चक्री हलवून बघितली. "जराही हलत नाही. चर्चच्या पायासारखी घट्ट!" मी त्याच्या गळ्यातच पडले, आयडेलासमोर. ऑर्डेलला फोन केला. शनिवारी घेऊन ये म्हणाला.

२० मे

लव्हॉनला सांगितलं. तोंड एवढंसं झालं. मग म्हणाली, "डावखुरी मार्लिस! बघूच आता." पण जाताना मिठी मारली. ती वाईट नाही, जीभ तेवढी तिखट आहे.

२३ मे

शनिवार. निघायच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. रिकामी आहे ना, दोनदा बघितलं. डाव्याने चाप धरला. उजवी बोटं चक्रीवर ठेवली, उगाच.

हलते!

पुन्हा बघितलं. डुगडुगते. अगदी जराशी – पण हलते. बंदूक बाद. म्हणजे यंदाची स्पर्धाही गेली!

"व्हर्लिन! चक्री ढिली आहे रे!"

"काहीतरीच! कोण म्हणतं?"

"माझ्या बोटांना कळलं. उजव्या हाताच्या."