गंगाधरच्या कॅसेटमधलं हसणं

रिसोड, मंगळवार

डायरे, चार दिवस तुझ्यात लिहिलं नाही, रागावू नको. डोकंच ठिकाणावर नव्हतं.

जन्मभर लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलं. पण माझ्या पोरीच्या लग्नात मला कन्यादानाला बसावं लागलं, अन् कॅमेरा गेला माझा मित्र गंगाधरच्या हातात. आज वाशीमच्या दुकानात ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लावली. त्यात माझी बायको सुमन हसली! मी कॅमेरा धरला की पदर ओढून घ्यायची. गंगाधर म्हणाला, "वहिनी, आज तरी दात दिसू द्या," आणि ती खळखळून हसली. आता ती नाही. राहिलं ते हसणं, तेही त्याच्याकडे बघून.

दुकानदाराने विचारलं, "काका, कोनत्या फॉरमॅटमध्ये ठेवू? लहान फाईल केली तं चेहऱ्यावर चौकटी पडतीन. मोठीत सारं जसंच्या तसं राह्यते."

"मोठीच कर. पन त्याचा आवाज काढून टाक."

"मंग काकूचं हसनंही जाइन. दोन्ही एकातच हायेत."

तसाच उठून आलो. या वयात जळतो का मी? जळतो. तिला हसवणं मला का जमलं नाही?

आत्ता दुकानदाराला फोन केला. "त्याच्या आवाजासकट मोठीच कर. झाली की लवकर कळव बाबू, मले चैन पडून नाही राह्यली."