ताडकळसच्या गाडीची विंच

अण्णा, ताडकळसच्या एका बागायतदाराच्या गाडीसाठी या आठवड्यात विंच निवडली. तुम्ही होता तेव्हा हा शब्द आपल्याकडे नव्हता. आपल्याकडे यारी होती, विहिरीतला दगड आणि गाळ वर ओढणारी. विंच म्हणजे तिचंच धाकटं भावंड समजा. ती गाडीच्या नाकावर बसते, बॅटरीवर चालते. गाडी गाळात रुतली की तिचा दोर झाडाला बांधायचा, बटण दाबायचं आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते. तुम्हाला पाहायला आवडली असती. पण पाहून झाल्यावर तुम्ही "कशी हाय रं?" असं आधी त्याला विचारलं असतं आणि मग मला, हेही मला माहीत आहे.

तो म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. तुम्हाला काविळीनं नेलं, यारी विकली गेली, आणि पुढे त्यानं जिंतूरच्या रस्त्याला गॅरेज टाकलं. मी तिथेच काम करतो. गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की माझ्यावरून नजर फिरवून त्याच्याकडे जातं. मी जवळ उभा असलो तरी तसंच.

मला अजून चारठाण्याच्या शिवारातली ती विहीर दिसते. तुम्ही लोखंडी बादलीत एक पाय ठेवून, दोर धरून उभे आहात. यारीच्या ब्रेकवर तो आहे. माणूस खाली असेपर्यंत ब्रेकवाल्याशी कुणी बोलायचं नाही, त्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही, असा आपला नियम. त्यामुळे तो तिथे नवरदेवासारखा बसलेला असतो, सगळे त्याच्याभोवती गप्प. माझं काम सकाळीच उरकलेलं आहे. तारेच्या दोरावरून कापसाचा बोळा फिरवायचा, जिथे कापूस अडकेल तिथे तार तुटली आहे असं समजायचं. मी एकदा म्हणालो, "अण्णा, आज ब्रेक मी धरतो." तुम्ही बादलीतूनच म्हणालात, "तुझा हात लय इचार करतो. तू आपला दोर बघ." मग त्याच्याकडे पाहून मान हलवलीत आणि खाली गेलात. आम्ही दोघं एकाच वयाचे होतो. तुमचा जीव तुम्ही रोज त्याच्या हातात देत होता आणि मी तुमचा मुलगा होतो.

तर ही गाडी. मोटारसायकलसारखं हँडल, पण चार जाड टायर. पावसाळ्यात काळ्या रानात जीपही जात नाही, म्हणून मालकांनी हौसेनं आणली आणि पहिल्याच आठवड्यात उसाच्या पाटाशी पोटापर्यंत रुतवली. विंच कोणती घ्यायची, हे विचारायला ते आले. तो हसत म्हणाला, "मालक, आमच्या यारीनं म्हशीएवढाले दगड काढलेत. ही तर खेळणं हाय. शेडमधी एक धाकटी विंच पडून हाय, तीच लावू."

मला ते पटेना. यारीला टांगलेला दगड मोकळा असतो, त्याचं जेवढं वजन तेवढाच भार. रुतलेल्या गाडीला आपली माती खालून धरून ठेवते. मी गाडी वजनकाट्यावर नेली. टाकी भरून, मागे फवारणीचा पंप ठेवून. मग मालकांना म्हणालो, "आता तुम्ही बसा."

"मला बी तोलतो का काय रं?"

"गाळात तुम्ही खाली उतरणार न्हाई ना मालक, मंग तोलावंच लागंल."

सगळे हसले. मी हसवायला बोललो नव्हतो. एकूण वजनाच्या दीडपट ताकदीची विंच पुरते म्हणतात. आपल्या मातीसाठी मी दुपटीच्या वर धरली. त्याहून मोठी घेतली तर नाक जड होऊन गाडी पुढूनच बुडते आणि बॅटरी बसते. दोर गुंडाळतो त्या रुळावर थर जितके जास्त, तितकी ओढ कमी, हेही मी सांगितलं. दोर तारेचा नको, नायलॉनसारखा धाग्याचा घ्या, हलका असतो, फक्त चिखलातून आला की धुवा. मालक ऐकत होते, पण बघत होते त्याच्याकडे.

शेवटी शेडमधली धाकटी बसवून पाहायचं ठरलं. पाणी सोडलेल्या रानात गाडी मुद्दाम रुतवली, दोर बाभळीला बांधला. धाकटीनं थोडं ओढलं, मग ती नुसतीच गुरगुरायला लागली आणि तापली. अण्णा, छातीत काहीतरी उजळलं होतं. सगळ्यांसमोर तो चुकला होता आणि मी त्याचं तोंड बघत होतो.

त्याचं तोंड जसंच्या तसं. "थांबा मालक," म्हणाला आणि पिशवीतून कप्पी काढली, आपल्या यारीची. ती त्याच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. चिखलात गुडघाभर उतरून त्यानं ती बाभळीला अडकवली, दोर तिच्यातून फिरवून पुन्हा गाडीला आणून बांधला. ओढ दुप्पट झाली. गाडी हळूहळू, मोठा आवाज करत वर आली. मालकांनी त्याला चिखलासकट मिठी मारली.

"अवं, पर रोज कप्पी कोण बांधणार?" तो म्हणाला. "माझा अंदाज चुकला. हा माझा भाऊ म्हणतो तीच घ्या. ह्याचं माप चुकत न्हाई."

त्यांनी तीच घेतली. म्हणजे मी जिंकलो. पण रानातून परत येताना पूर्णेच्या पुलापर्यंत मालक त्याच्याच खांद्यावर हात टाकून बोलत होते. मी बरोबर असलो तरी अवघडून उभा असतो, आणि तो चुकला तरी लोकांना आणखी आवडतो. मला त्याची विंच, शेड, काही नको. असं चुकता येणं हवं आहे. ते तुम्ही त्याला दिलंत की ते त्याचं आधीपासूनच होतं, एवढं मला कळत नाही. आणि ती कप्पी तुम्ही त्याला कधी दिलीत, हे मी त्याला विचारलेलं नाही. "काकांनीच दिली," असं तो सहज म्हणेल, आणि ते मला ऐकायचं नाही.

हे सगळं शुद्ध लिहिलं आहे, प्रत्येक वेलांटी दोनदा पाहिली आहे. पण तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी कुणाचं पत्र आलं की तुम्ही ते त्याच्यापुढे धरायचात, कारण तो न अडखळता मोठ्यानं वाचायचा आणि मी शब्दाशब्दाला थांबायचो. हे तुमच्यापर्यंत पोहोचवायची काही वाट असती, तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही तेही त्यालाच वाचायला दिलं असतं.