चकतीवरचं कुंकू

एकादशी, शुक्रवार

रोज मी बोलते आणि नात मयुरी लिहून घेते. आज सुनेले बसवलं. वंदना आळशी, नातीचं नाव नुसतं 'म.' लिहिते. लिही बाई, शाई वाचव.

म. एमटेकले आहे, कंट्रोल शिकते, म्हणजे यंत्राले ताब्यात ठेवणं. दसऱ्याच्या सुट्टीत कॉलेज बंद म्हणून तिनं आपलं यंत्र घरी आणलं. रुळावर लहानशी गाडी, गाडीवर उभी काठी. काठी कलली का गाडी तिच्याखाली धावते आणि तिले सावरते. इतकंच. मी म्हटलं, तळहातावर झाडू तर आम्ही साऱ्या पोरी उभा करत होतो, फीस न भरता. म्हणे, आजी, त्या हाताले कसं समजते तेच मी गणितात मांडून राहिली.

दसऱ्याआधी काठी उभी राहत होती. आज पडून राहिली. काहून, ते मले माहीत आहे. म्हणून तर सुनेले बसवलं.

बारस, शनिवार

सांगून टाकते. दसऱ्याले घरातल्या साऱ्या अवजारांची पूजा झाली. पोराचा ट्रक, पाने, जॅक, विळा, मिक्सर. म. मैत्रिणीकडं सोनं द्यायले गेली होती. तिचं यंत्र कोपऱ्यात, बिनपूजेचं. सणाच्या दिवशी त्याचं कपाळ कोरडं कसं ठेवू? पण कपाळ कुठं ते समजेना. काठीच्या बुडाशी पातळ गोल चकती दिसली. तिथंच लावलं हळदकुंकू. गळून पडू नये म्हणून तेलाच्या बोटानं. मग वाटलं, पोरगी ओरडन. पदरानं पुसलं. पुसलं कसलं, चांगलं फासलं.

वंदना हसून राहिली. लिही वं गुपचूप.

रविवार

म.च्या हातात पोळी तशीच, डोळे लॅपटॉपवर. विचारलं तर म्हणे, काठी किती कलली ते बुडाची चकती पाहते, तिच्यावरच्या बारीक रेघांवरून. किती जोरात पडून राहिली ते पाहणारं कोणी नाही, ते कलण्यावरून अंदाजानं ओळखायचं. ते अंदाजाचं नवं गणित तिनं शुक्रवारीच यंत्रात घातलं, दसऱ्यापर्यंत जुनं होतं.

"तेच चुकलं, आजी. वर्ष घालवलं मी त्याच्यावर."

चकतीचं नाव निघालं तशी मी सांगायले गेली. तोंड उघडलं. निघालं काय, तर "दूध घेते का?" साऱ्या वाडीले टोमणे मारणारं तोंड हे.

कोजागिरी, सोमवार

म.नं गाईड सरांना कळवून टाकलं, नवं गणित चालत नाही, बुधवारी कॉलेज उघडलं का जुनंच दाखवते. त्या गणिताबिगर तिच्या कामात तिचं असं काही उरत नाही, हे तिनंच मागं सांगितलं होतं. मग मले राहवलं नाही. सांगितलं सारं, खाली पाहून.

तिनं उठून टॉर्च आणला, चकती पाहिली, कापसानं स्पिरिट लावून पुसली. काठी उभी राहिली. मी बोट लावून पाहिलं, डुलली आणि पुन्हा उभी. नव्या गणितावर. हसली फक्त मीच. म. खालीच बसली.

"आता सरांना काय सांगू? आजीनं कुंकू लावलं म्हणून? सारी लॅब हसन."

वंदना म्हणे, धूळ बसली म्हण.

"खोटं नाही सांगत. काहीच नाही सांगत. गणित चुकलं, असंच राहू दे."

म्हणजे पोरगी स्वतःले ढ म्हणवून घेईन, पण आपल्या घरात काय झालं ते सांगणार नाही. लोक मले हसले तर मी वरून दोन शब्द जास्त ऐकवते. हे तसं नाही. माझ्या नातीले माझी लाज वाटून राहिली, आणि वाटावी असंच मी केलं. पहिल्या दिवशी बोलली असती तर...

मंगळवार

म. रागावली नाही. रागावली असती तर बरं. "आजी, पाणी हवं का?" असं विचारते, पाहुणीले विचारावं तसं. मी एक टोमणा मारून पाहिला. तिनं मान हलवली नुसती.

म्हटलं, मी येते कॉलेजात. मीच सांगते सरांना. तू बाहेर उभी राह, आपली ओळख नाही असं समज.

"तू नको येऊ, आजी."

मग चटणी वाढता वाढता म्हणे, "तिथली लिफ्ट बंद असते."

वंदना म्हणते, म्हणजे ती नाहीच म्हणून राहिली. मले तसं वाटत नाही. जिने मी लय चढली.

बुधवार, सकाळी

यंत्र माझा पोरगा ट्रकमध्ये टाकून पुढं घेऊन गेला. मी धुतलेलं नऊवारी नेसून ओसरीवर बसली आहे, चपला घालून. वंदना बाजूले बसून लिहून राहिली.

म.नं स्कूटी बाहेर काढली. तिची पाठ दिसते. मागची सीट पुसून राहिली, का तिथं बॅग बांधून राहिली, इथून समजत नाही.

वंदना म्हणते, आई, हाक मारा तिले.

नाही. आज हाक तिनं मारायची.