एका फाशाची चढाई

रिसाली, भिलाई
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय धम्मपाल,

जय भीम. तुझी तब्येत बरी असेल, गुडघ्याले तेल लावणं चालू असेल असं समजतो. मी ठीक आहे. आंगणातल्या वेलाले यंदा दोडके खूप लागले. खाणारा एकटाच आहे, म्हणून अर्धे तर वेलावरच सुकतात.

भिलाई-३ इथून अर्ध्या तासाचा रस्ता, अन् मी पोस्टानं पत्र पाठवून राहिलो, याचं तुले हसू येईल. मागच्या रविवारी तुझ्या फाटकापर्यंत आलो होतो. तू पाठमोरा सायकल पुसत होता. मी तसाच परत फिरलो.

रायपूरहून भूमिका आली होती. ती आता तिथं कॉलेजात गणित शिकवते. अलमारी साफ करता करता तिले आपला खेळ सापडला, तो जगाच्या नकाशावरचा, सैन्य अन् फाशांचा. अकरा वर्षं दर रविवारी दुपारी आपण तिघं खेळलो. तू नेहमी चढाई करणारा, मी दोघांशी तह करून दोघांशी मोडणारा, अन् तुझी वहिनी राधा ऑस्ट्रेलियाच्या कोपऱ्यात बसलेली. ‘मले कोणाचं काई घ्याचं नाई, पण माझं बी कोणी घेऊ नका,’ म्हणायची.

भूमिका म्हणे, ‘बाबा, एक डाव होऊन जाऊ द्या.’ मी भराभर हरलो. तिले विचारलं, ‘फासे बरोबरीचे पडले तर बचाव करणारा जिंकते, मग फायदा त्याचाच पाहिजे ना?’

ती म्हणे, ‘नाई बाबा. तीन फासे घेऊन गेलं तर चढाई करणाऱ्याचंच पारडं जड. पण एकच फासा घेऊन गेला अन् समोरच्याकडे दोन असले, तर चार वेळातून तीन वेळा चढाई करणाराच हरते.’ मग हसली. ‘पण तीन टाकता येत असताना एक कोण टाकन? येडाच टाकन.’

माझं पुढं खेळात ध्यान लागलं नाई. कारण असा येडा मी पाह्यला होता.

राधा बिमार पडल्यावर तू दर रविवारी तिच्यावरच चढाई करायचा. तुझ्याकडे सैन्य ढीगभर, तरी हातात फासा एकच. ‘वहिनी, आज ऑस्ट्रेलिया घेतल्याशिवाय जात नाई,’ असं म्हणायचा, अन् हरायचा. ती टाळ्या वाजवायची. इंजेक्शनानं काळेनिळे झालेले हात, अन् टाळ्या. मी समोर बसून सगळं पाहत होतो अन् तू एकच फासा का टाकतो, हे मले दिसलं नाई. मले वाटे, हा माणूस बिमार बाईले सोडत नाई.

मागच्या वर्षी जुलैतल्या त्या रविवारी तुझ्याच एका फाशावर सहा पडला अन् ती हरली. तिचं तोंड उतरलं. मी पट उधळला. ‘लाज नाई वाटत? पुन्हा या घरात पाय ठेवू नको,’ म्हटलं. तू खाली बसून एकेक सोंगटी डब्यात भरली, ‘येतो वहिनी,’ म्हणून निघून गेला.

आतापर्यंत लिहिलं ते सोपं होतं.

मले खेळाचा राग नव्हता, धम्मपाल. ती तुझ्यासंग हसत होती. माझ्यासंग फक्त गोळ्या, रिपोर्ट अन् डॉक्टरची वेळ. छत्तीस वर्षांचा संसार, अन् तिचं हसू रविवारी दोन तासांपुरतं, तेही तुझ्या हातानं. मले ते सहन झालं नाई.

अन् दुसरं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिनं मले तीनदा म्हटलं, ‘भाऊजीले बोलवा.’ मी म्हटलं, तू तुमसरले गावी गेला. मग म्हटलं, फोन बंद आहे. मी फोन लावलाच नव्हता. तिसऱ्या वेळीही तेच सांगतलं, तशी तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याच्या चौथ्या दिवशी गेली. स्मशानघाटावर तू दूर, झाडाखाली उभा होता. मी पाह्यलं, अन् न पाह्यल्यासारखं केलं.

हे भूमिकेलेही सांगतलं नाई.

येत्या रविवारी, एक तारखेले, राधाले जाऊन वर्ष होते. भूमिका येणार आहे. तू आला तर बरं वाटेल. आल्यावर मले जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. नाई आला तर मी समजून जाईन.

‘तुझा’ लिहायचा हक्क राहिला का नाई, ते तू ठरव.

गुलाब

*

भिलाई-३
२९ ऑगस्ट २०२४

गुलाब,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

गणित-बिणित मले येत नव्हतं. मालगाडीचा गार्ड मी, मले काय समजते. मी हरलो की वहिनी हसते, एवढं पाह्यलं होतं. तो सहा कसा पडला, अजून त्याचं वाईट वाटते.

आता माझंही ऐक. दवाखान्यातून वहिनीनं मले फोन केला होता, नर्सच्या मोबाइलवरून. तू खोटं बोलून राहिला, हे तिले माहीत होतं. मी म्हटलं, ‘आत्ता येतो.’ ती म्हणे, ‘नका येऊ भाऊजी. तुम्ही आपणहून आले तर ते तुमाले जन्मभर माफ करणार नाई, अन् माझ्यामागं एकटे पडतील. त्याहिले स्वतः बोलावू द्या. कितीही दिवस लागले तरी थांबा. अन् बोलावलं की मग सोडू नका.’ मग म्हणे, ‘माणूस वाईट नाई तो. भ्यायलेला आहे.’

तिले पाहता आलं नाई, याचा राग मले तुझ्यावर आहे. तो मी रविवारी तोंडावर बोलीन, मग जेवीन.

तिच्यासाठी वर्षभर थांबलो. तू बोलावलं. येऊन राहिलो.

तुझाच,
धम्मपाल