आईला ओलांडायचं कसं

रवि. ६ एप्रिल
मला विचारलं व्हतं का? नाय. तरी आक्कानं माझी भीती प्रार्थनेला लावली. स्वतः धरणाच्या पलीकडच्या काठाला खुबा मोडून पडलीय, पण तिथनं आमच्या चर्चच्या पाळकाला फोन. म्हणे, धाकट्या बहिणीची पाण्याची भीती जावी, विनंती घ्या. पाळकानं पण उपासनेत सगळ्यांपुढं माझं नाव घेऊन सांगितलं. आता दारात उभी राहिले की जो तो मान वाकडी करून, आजी, तुमच्यासाठी मागतोय हां. मला काय गोवर आलाय?

मंगळ. ८
धरण भरलं तेव्हापासून नावेत पाय घातला नाय. वळशाच्या एसटीनं जायचे, ती बंद झाली. मग आक्काच यायची नावेनं. आता ती मोरीत घसरली. तिची सून मार्था सांगते, जेवत नाय, धाकटी कधी येती एवढंच विचारते. वय पण झालंय तिचं. बघायचं राहून गेलं तर...
नावाडी महादू म्हणला, मावशी, तोंडातलं पान संपायच्या आत पोचवतो. त्याला काय जातंय.

गुरु. १०
लोकांना वाटतं बुडायला भिते. घोडनदीच्या डोहात पोरांच्या आधी मीच उडी टाकायचे.
धरणाच्या पाण्याखाली आमचं जुनं गाव हाय. आमचं खळं, चिंच, कौलारू प्रार्थनाघर, त्याच्यामागं कबरी. आई तिथंच. नाव बरोबर तिच्या अंगावरून जाते.
लहानपणी सगळी ओळीनं निजायचो. निजलेल्याला ओलांडलं की आई ओरडायची, माघारी फिर. परत उलटं ओलांडून यायला लावायची, नायतर त्याची वाढ खुंटते म्हणे. आक्काची उंची बघता एखाद्या वेळी मी विसरले असंन.
अन् आता आईलाच ओलांडू? हे पाळकाला काय सांगायचं.

शनि. १२
आक्काला फोनवर सांगून टाकलं. एवढी हसली की खुब्यातनं कळ आली. बरं झालं.
म्हणली, "येताना उलटी येशीलच की. फिटलं."
मग म्हणली, "आई तिथं हाय, हे तुला कुणी सांगितलं?"
मी म्हणलं, माती मीच लोटली, मला कोण सांगणार.
"मग दर ईस्टरला पहाटं उठून काय सांगत फिरतीस गं? प्रभूची कबर तेवढी रिकामी, अन् आपल्या आईची भरलेली?"
मी फोन ठेवला. पहिल्यापासून तिला शेवटचं बोलायची खोड.

सोम. १४
भाकरी करपली. तेच डोक्यात.

रवि. २० ईस्टर
पहाटेची उपासना झाली. पाळक माईकवर बोलला, पन्नास माणसाला माईक कशाला. जुन्या गावात आई पुढं कंदील घेऊन, पांढरं लुगडं, आमी मागं डोळे चोळत. कबरींपाशी उभी राहून ती मोठ्यानं म्हणायची, प्रभू उठला आहे. आमी म्हणायचं, खरोखर उठला आहे. जांभई दिली की टपली. तो कंदील लई वास मारायचा. आज तो वास आठवला.
आई गेल्यावर आमी दोघी बहिणी असंच करत आलो, मी म्हणायचं, आक्कानं जवाब द्यायचा. आज फोन लावला तर मार्थानं उचलला. त्या उठत नाहीत मावशी, म्हणली. मार्थानंच जवाब दिला. गोड पोरगी, पण तिचा जवाब मला नको.

सोम. २१
महादूला सांगितलं, आज येते.
सकाळी गुडघे टेकले. बापा, आई तुझ्यापाशी हाय, पाण्यात नाय. डोक्याला कळलंय. माझ्या पायांना पण सांग.
भीती गेली का? नाय. तिला घेऊनच बसणार. नावेत जागा हाय.
चिंचेच्या वर आलं की महादू वल्हं थांबवणार. तिथं रेंज असते म्हणतो. मी फोन लावून म्हणणार, प्रभू उठला आहे. मार्थाला बजावून ठेवलंय, फोन म्हातारीच्या कानाला लाव अन् तू गप बस. जवाब आक्कानंच द्यायचा.